मूल आत निजले आहे

आपल्या कौटुंबिक नाटक-कथांतील एक सोय फार जुनी आहे. नवरा-बायकोच्या भांडणाला रंग चढायचा असला की मूल 'आत निजलेले' असते. लेखकाला रंगमंच मोकळा मिळतो आणि समीक्षकही दोनच माणसांचा संघर्ष वाचून मोकळा होतो. 'त्याला काय कळतंय?' हे घरातले वाक्य आपण समीक्षेतही चालवून घेतले आहे.

ते आता टिकत नाही. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात अ‍ॅलिस ग्रॅहम व सहकाऱ्यांनी 6 ते 12 महिन्यांच्या 20 बाळांच्या मेंदूची, ती झोपेत असताना, एफएमआरआय तपासणी केली. निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. ऐकवलेली वाक्ये निरर्थक होती. बदलत होता तो फक्त स्वर: अतिसंतप्त, किंचित संतप्त, आनंदी, तटस्थ. आईबापांत खटके अधिक उडतात असे ज्या आयांनी सांगितले होते, त्यांच्या बाळांच्या मेंदूत अतिसंतप्त स्वराला अधिक तीव्र प्रतिसाद आढळला, आणि तोही ताण व भावना यांच्या नियमनाशी निगडित भागांत. हायपोथॅलॅमस त्यांपैकीच. वीस हा आकडा लहान आहे, सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे, हे मान्य. पण शब्दार्थाच्या आधी स्वर पोचतो, हे साहित्याच्या प्राध्यापकाला प्रयोगशाळेने सांगावे? काकु-वक्रोक्ती आपण परीक्षेपुरती शिकवतोच की!

खरा आक्षेप पुढेच आहे. असे संशोधन हाती आले की आपल्याकडे त्याचा एकच अर्थ लावला जातो: बाळासाठी बाईने गप्प बसावे. हे वाचन अप्रामाणिक आहे. विचारले गेले होते ते दोघांमधल्या संघर्षाविषयी, आणि ऐकवलेला आवाज तर पुरुषाचा होता. शिवाय गप्प बसणे बाळाला मानवते असे कोणी ठरवले? एडवर्ड ट्रॉनिक यांच्या 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आईने काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवला. बाळाने आधी तिला आपल्याकडे वळवण्याची धडपड केली, मग ते खिन्न होऊन दुसरीकडे पाहू लागले. स्वतःचा ताण स्वतः निववणे त्या वयात फारसे जमत नाही. त्यासाठी प्रतिसाद देणारे माणूस लागते. धास्तावलेली, ओठ मिटून बसलेली आई ते कोठून होणार? मोठ्या मुलांबाबत मार्क कमिंग्ज यांचे काम सांगते की आईबापांचा अबोलाही मुलांना जाचतो. भांडण खरोखर मिटताना दिसले, तर मात्र जाच कमी होतो.

मिटवायला दोघे लागतात. गप्प बसण्याचा उपदेश मात्र नेमका एकीलाच होतो, आणि त्या उपदेशात बापाच्या चढलेल्या आवाजाविषयी अवाक्षर नसते.