सीमेपलीकडे मुका होणारा मोबाईल

काशी, प्रयाग, अयोध्या आणि पुढे पशुपतिनाथ ही यात्रा आता परभणी जिल्ह्यातील राणीसावरगावासारख्या गावालाही दुर्लभ राहिलेली नाही. नेपाळला जाण्यास भारतीयांना व्हिसा लागत नाही. त्यामुळे आपण परदेशी निघालो आहोत, हे भाविकांच्या ध्यानीही येत नाही. खिशातील मोबाईलला मात्र सीमा बरोबर कळते. आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू नसेल तर तो मुका होतो. सुरू असून योग्य पॅक घेतलेले नसेल, तर आलेल्या फोनचेही पैसे पडतात.

'व्हॉट्सअ‍ॅप आहे की!' असे त्यावर सहज म्हटले जाते. हा भरवसा किती तकलादू आहे, हे सप्टेंबर 2025 मध्ये दिसले. 4 सप्टेंबरला नेपाळ सरकारने व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुकसह 26 समाजमाध्यमे बंद करण्याचा आदेश दिला. 8 तारखेला काठमांडूत तरुणांवर गोळीबार झाला. त्याच रात्री बंदी उठली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला आणि विमानतळही बंद झाला. अशा घडीला घरच्यांनी खुशाली कशी विचारावी?

म्हणून निघण्यापूर्वीच रोमिंग पॅक घ्यावे. तेथील सिमकार्ड घेतले, तरी आपले फेकू नये. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. घरचे, यात्रा संयोजकाचे आणि भारतीय दूतावासाचे क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाच्या पिशवीत असावेत. बॅटरी संपली, तरी कागद बोलतो. यात्रा कंपन्यांनी ही माहिती निघण्याआधीच देणे हे त्यांचे कर्तव्य मानावे. वृद्ध भाविकांनी ती शोधत बसावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

शासनाचेही दायित्व आहेच. युरोपीय संघाने 15 जून 2017 पासून आपल्या सदस्य देशांतील प्रवाशांवरचा रोमिंगचा अतिरिक्त आकार रद्द केला. भारत-नेपाळ सीमा तर 1950च्या मैत्री करारापासून माणसांना मोकळी आहे. मार्च 2024 पासून नेपाळी दुकानांत यूपीआयने पैसेही देता येऊ लागले. पैसा सीमा ओलांडतो, मग आईचा आवाजच तेवढा महाग का असावा? दोन्ही देशांनी हा आकार रद्द करण्याचा विचार करावा. पशुपतिनाथाच्या दारातून गावी फोन लावणारा भाविक आपल्याच माणसांशी बोलत असतो. त्याला परकेपणाचा दंड नको.