यंत्रे आली, शिक्षक केव्हा?

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने असे जाहीर केले, की २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून शाळांत इयत्ता तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता व संगणकीय विचारपद्धती यांचा अभ्यासक्रम सुरू करण्यात येईल. घोषणा मोठी आहे, आणि तिच्यामागील हेतूविषयी शंका घेण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. परंतु ही वार्ता वाचून जठारपेठेच्या चौकात उभे राहणाऱ्या कोणाही विचारी गृहस्थाच्या मनात एक साधा प्रश्न आल्यावाचून राहणार नाही. माध्यमिक शाळेतील नववी-दहावीच्या मुलांना जे शास्त्र आपण आजवर धडपणे शिकवू शकलो नाही, ते तिसरीच्या बालकांना शिकविणार कोण?

जठारपेठ ही अकोल्याच्या सुशिक्षित मध्यमवर्गाची वस्ती. सकाळ-संध्याकाळ शिकवणीवर्गांकडे धावणारी येथील मुले पाहिली, म्हणजे हे शहर विद्येविषयी उदासीन आहे असे कोणी म्हणणार नाही. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी शेजारच्या जिल्ह्यांतूनही मुले अकोल्यास येऊन राहतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित यांसाठी पालक पदरमोड करून पैसा उभा करतात. या साऱ्या खटाटोपात संगणकशास्त्राला मात्र जागा नाही. प्रवेशपरीक्षेत ज्याला गुण नाहीत तो विषयच नव्हे, अशी आपली समजूत झाली आहे. आणि मौज अशी, की हीच मुले अभियांत्रिकीला गेली म्हणजे पुष्कळदा सर्वांत आधी मागतात ती संगणकाचीच शाखा! चार वर्षांचे आयुष्य व वडिलांचे लाखो रुपये ज्या विषयाच्या स्वाधीन करावयाचे, त्या विषयाशी मुलाची तोवर ओळखदेखील झालेली नसते.

हे असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जाणे इष्ट होईल. शाळेत संगणक आणण्याचा उद्योग या देशाला नवा नाही. १९८४-८५ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाने ओळखला जाणारा प्रकल्प हाती घेतला व आरंभी २५० शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ ही ब्रिटिश बनावटीची यंत्रे बसविली. पुढे अशा शाळांची संख्या २,५०० च्या वर गेली. कालांतराने ती यंत्रे जुनी झाली व नव्वदीच्या दशकात त्यांच्या जागी दुसरी आली. २००४ च्या डिसेंबरात नवी योजना निघाली आणि २०१० साली तिच्यात सुधारणा झाली. त्या सुधारित योजनेत प्रत्येक शाळेला एकदाच ६ लाख ४० हजार रुपये आणि पुढे ५ वर्षे दरसाल २ लाख ७० हजार रुपये अशी तरतूद होती. प्रत्येक शाळेला स्वतंत्र संगणक-शिक्षक असावा, हे तत्त्वही तीत मान्य केलेले होते. महाराष्ट्रात हजारो शाळांतील कामे खासगी कंपन्यांकडे ठराविक मुदतीच्या कराराने देण्यात आली व शिक्षकही त्या कराराबरोबरच आले. करार संपला, यंत्रे शाळेच्या मालकीची झाली, शिक्षक घरी गेले. आपणांस सेवेत कायम करावे म्हणून त्यांना रस्त्यावर येऊन आंदोलने करावी लागली.

आमच्या मते सारी मेख येथे आहे. इतिहासाच्या शिक्षकाची नेमणूक फळ्याच्या मुदतीवर अवलंबून असते काय? फळा झिजला म्हणून गणिताच्या गुरुजींना कोणी घरी बसविले आहे काय? परंतु संगणकाच्या बाबतीत आपण यंत्र हे मुख्य व मनुष्य हा त्याच्याबरोबर येणारा सुटा भाग मानला. याचे फळ काय, हे ज्यांनी एखाद्या अनुदानित शाळेची संगणकाची खोली आतून पाहिली असेल त्यांस सांगावयास नको. यंत्रांवर कापडी आच्छादने, आच्छादनांवर धूळ, खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या मेजाच्या खणात, आणि बिघाड झाल्यास जबाबदार कोण या भीतीने वर्षातून मोजक्या दिवशी उघडणारे दार! २०२३-२४ च्या सरकारी ‘यूडायस प्लस’ अहवालाप्रमाणे देशातील ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक व ५३.९ टक्के शाळांत इंटरनेटची सोय होती. हे आकडे यंत्रांचे झाले. त्या यंत्रापाशी उभे राहून शास्त्र समजावून देणारा मनुष्य किती शाळांत आहे, हा आकडा मात्र कोणी ठळक अक्षरांत छापीत नाही.

बरे, जेथे थोडेफार शिकविले जाते, तेथे तरी काय शिकविले जाते? २०१७ साली आलेल्या राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानावर एक प्रकरण आहे. संगणकाचे भाग कोणते, मजकूर कसा टंकावा, तक्ता कसा मांडावा, आलेख कसा काढावा, अशी त्यातील माहिती आहे. ती उपयुक्त नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु लेखणी धरता येणे म्हणजे व्याकरण येणे नव्हे, आणि संगणक चालविता येणे म्हणजे संगणकशास्त्र येणे नव्हे. मोटार हाकणाऱ्यास आपण यंत्रशास्त्रज्ञ म्हणत नाही. हा भेद ज्या देशांनी ओळखला त्यांत इंग्लंड एक होय. तेथेही शाळांत वर्षानुवर्षे कचेरीच्या कामाची साधने वापरणे एवढेच शिकविले जाई. २०१२ च्या जानेवारीत रॉयल सोसायटीने त्यावर कठोर अहवाल दिला, आणि २०१४ च्या सप्टेंबरपासून जुना विषय जाऊन त्याच्या जागी संगणनाचा नवा अभ्यासक्रम आला. अभ्यासक्रम बदलला, तरी तो शिकविणारे पुरेसे शिक्षक तयार नव्हते. तीन वर्षांनी त्याच संस्थेने पुन्हा पाहणी केली, तेव्हा या विषयाच्या सोळाव्या वर्षीच्या परीक्षेस बसणाऱ्यांत मुलींचे प्रमाण पाचांत एक एवढेच असल्याचे आढळले. ज्या देशापाशी पैसा आहे त्याची ही कथा, तर आपण किती सावध असावयास हवे!

हे शास्त्र म्हणजे आहे तरी काय, असा प्रश्न आमचे काही वाचक करतील, व तो रास्त आहे. हजार पानांचा शब्दकोश घ्या. त्यात एक शब्द शोधावयाचा आहे. पहिल्या पानापासून एकेक पान उलटीत गेलात, तर हजार पाने पाहण्याची वेळ येईल. मधोमध उघडलात, शब्द मागे की पुढे ते पाहून अर्धा भाग सोडून दिलात, आणि उरलेल्या भागाचे पुन्हा असेच केलेत, तर दहा वेळांत पान हाती येते. शब्दकोश दुप्पट जाड झाला, तरी खेप एकच वाढते. असे का होते, ही युक्ती केव्हा चालते व शब्द अकारविल्हे लावलेले नसले तर का चालत नाही, हे ज्या मुलाला समजले त्याने संगणकशास्त्राचा पहिला धडा घेतला; आणि त्यासाठी विजेचा एक दिवाही जाळावा लागला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याचेच घ्या. अकोला, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, मूर्तिजापूर आणि बार्शीटाकळी हे सात तालुके. नकाशा असा रंगवा, की सीमा लागून असलेल्या दोन तालुक्यांना एक रंग येऊ नये. आणि रंग कमीत कमी लागावेत. पाचवीचा मुलगा हे काम खेळ म्हणून करील. परंतु सातांच्या जागी सातशे तालुके असले तर कोणत्या क्रमाने जावे, हा प्रश्न विचारताच खेळाचे शास्त्र होते. अशा कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात, हे १९७६ साली अमेरिकेतील दोन गणितज्ञांनी संगणकाच्याच साहाय्याने सिद्ध केले, हे सांगितले म्हणजे वर्ग डोळे विस्फारून ऐकेल. यंत्रावाचून संगणकशास्त्र शिकविण्याची ही पद्धत न्यूझीलंडच्या प्राध्यापक टिम बेल यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या दशकापासून जगभर पोहोचविली. आणि आपल्याकडे २०१६ पासून ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम तसेच काम करीत आहे. तेव्हा यंत्रे नाहीत म्हणून शिकविता येत नाही, ही सबब टिकणारी नाही. शिक्षक नाही म्हणून शिकविता येत नाही, हे मात्र अक्षरशः खरे आहे.

अलीकडे एक नवा आक्षेप ऐकू येतो. आता कृत्रिम बुद्धिमत्ता स्वतःच आज्ञावली लिहून देते. मग मुलांनी ती कशाला शिकावी? हा आक्षेप वरवर चतुर वाटतो. परंतु गणकयंत्र आले म्हणून आपण पाढे व अपूर्णांक शाळेतून काढून टाकले नाहीत. यंत्राने दिलेले उत्तर बरोबर आहे की चूक, हे ज्याला तपासता येत नाही तो यंत्राचा धनी राहत नाही, गुलाम होतो. उद्या पीकविम्याचा दावा, कर्जाचा अर्ज आणि नोकरीची निवड यांचे निर्णय जर संगणक करणार असतील, तर तो निर्णय कोणत्या नियमाने झाला, असे विचारण्याची कुवत वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या मुलाला असावयास नको काय? आमच्या दृष्टीने हा प्रश्न नोकरीपुरता नाही. तो नागरिकत्वाचा आहे.

हे काम अशक्य आहे असेही कोणी मानू नये. केरळने २००१ साली ‘आयटी अॅट स्कूल’ हा प्रकल्प सुरू केला. त्या राज्याने बाहेरून कंत्राटी मनुष्यबळ आणण्यावर भर न देता शाळेत असलेल्याच विषय-शिक्षकांना तयार केले, त्यांतून प्रशिक्षक निवडले, मुक्त प्रणालींचा अवलंब करून परवान्यांचा खर्च वाचविला आणि पाठ्यपुस्तके मातृभाषेत दिली. २०१८ मध्ये विद्यार्थ्यांची ‘लिटल काइट्स’ ही मंडळे उभी राहिली, आणि २०२५-२६ पासून तेथे दहावीच्या सर्व मुलांना यंत्रमानवशास्त्राची ओळख करून दिली जात आहे. केरळची माती सोन्याची व आपली काळी, असे तर नाही ना? तेथे धोरण सरकारे बदलली तरी टिकले. येथे योजना करारांबरोबर संपल्या, एवढाच काय तो भेद.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. संगणक म्हटला की इंग्रजी, हे समीकरण आपल्या मनात इतके बसले आहे, की मराठी शाळेतील मुलगा आपण होऊनच मागे सरतो. वास्तविक वर दिलेली दोन्ही उदाहरणे मराठीत सांगताना आमचे काही अडले नाही. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त प्रणालींचे पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. विचार मातृभाषेत पक्का झाला, म्हणजे आज्ञावलीतील मोजके इंग्रजी शब्द मुलाला भिववीत नाहीत.

आणि वऱ्हाडने तरी या बाबतीत न्यूनगंड का बाळगावा? ‘परम ८०००’ हा भारताचा पहिला महासंगणक १९९१ साली ज्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या ‘सी-डॅक’ने तयार केला, त्या डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ साली अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा या खेड्यात झाला. त्यांच्या गावाचे नाव आपण अभिमानाने घेतो. परंतु मूर्तिजापूर तालुक्यातील आजच्या खेड्यात असाच एखादा मुलगा किंवा मुलगी नववीत बसलेली असेल, तर तिच्या बुद्धीला पहिला स्पर्श कोण करणार, याचे उत्तर त्या अभिमानात सापडत नाही. मुलगी म्हणण्याचे कारण असे, की घरात मोबाइल एकच असला तर तो प्रथम मुलाच्या हाती जातो. शिकवणीचा पैसाही प्रथम मुलासाठी निघतो. मुलीला समान संधी मिळण्याची जागा शाळा हीच एक आहे.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या व स्पष्ट आहेत. प्रत्येक माध्यमिक शाळेत संगणकशास्त्राचा एक शिक्षक असावा व त्याची जागा इतर विषयांच्या शिक्षकांप्रमाणे कायम असावी. तोपर्यंत गणित व विज्ञानाच्या इच्छुक शिक्षकांना सुट्टीत पूर्ण वेतनी प्रशिक्षण मिळावे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून, तर शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून या भागात विद्यादान करीत आहे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने अशा संस्थांचे साहाय्य मागावे व त्यांनी ते द्यावे. आठवड्यास निदान दोन तासिका वेळापत्रकात ठेवाव्यात व त्या दुसऱ्या विषयाला देऊ नयेत. परीक्षा पाठांतराची नसावी. आणि नवी यंत्रे घेण्यापूर्वी जुन्या खोल्यांची कुलुपे उघडावीत.

शेवटी दोन शब्द जठारपेठेतील, आणि जठारपेठेसारख्या सर्वच वस्त्यांतील, आमच्या वाचकांस. आपल्या मुलासाठी आपण घरी संगणक घेतला, शिकवणी लावली, म्हणजे आपले कर्तव्य संपले असे मानण्याचा मोह होतो. परंतु शाळेच्या पालकसभेत गुणांची चौकशी करणारे आपण, संगणकाची खोली महिन्यातून किती वेळा उघडते, असे कधी विचारले आहे काय? डॉ. पंजाबराव देशमुखांच्या पिढीने या वऱ्हाडात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा त्यांनी केवळ आपल्या घरच्या मुलांचा विचार केला नव्हता. त्यांच्या शाळांत शिकून आपण मध्यमवर्गीय झालो. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. पहिल्या पालकसभेत प्रत्येक सुजाण पालकाने हा एक प्रश्न उभे राहून विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये, एवढीच आमची विनंती आहे.