अंकुराची वाढ

दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले की आपणांस 'राजा हरिश्चंद्र' आणि १९१३ हे साल आठवते. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी केलेला एक चिमुकला चित्रपट मात्र शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. लंडनहून आणलेल्या कॅमेऱ्यासमोर त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि ठराविक अंतराने एकेक चित्र घेत महिनाभर तो उद्योग चिकाटीने चालविला. पडद्यावर ते दाणे पाहता पाहता रुजले आणि त्यांचा वेल झाला. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी, एवढाच हेतू. पण मला तो विज्ञानाचा एक उत्कृष्ट पाठ वाटतो.

त्या कॅमेऱ्याचे काम आज खिशातला साधा मोबाईल करतो. तरीही वर्गात त्याचा उपयोग बहुधा दाखविण्यापुरताच होतो. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे दूरदर्शनचा 'साइट' हा प्रयोग सहा राज्यांतील २४०० खेड्यांत झाला; त्यात आपला मध्य प्रदेशही होता. तेव्हा संचासमोर बसून पाहण्यावाचून मुलांना गत्यंतर नव्हते. आज ते आहे, आणि तरी मूल प्रेक्षकच राहते, याचे वाईट वाटते.

आमच्या सहावीच्या मुलांनी मोहरी पेरली. (ग्वाल्हेर-मुरैन्याकडे मोहरीला काय तोटा!) कुंडी खिडकीशी, मोबाईल विटांच्या चळतीवर दोऱ्याने बांधलेला. पाळीच्या मुलाने दर दहा मिनिटांनी एक चित्र घ्यायचे. सहा तासांत ३६, शाळेच्या दहा दिवसांत ३६०. सेकंदाला बारा या वेगाने लावली की अर्ध्या मिनिटाचा चित्रपट. हे त्रैराशिक मुलांनी न सांगता मांडले.

चित्रपट लावला तेव्हा दर तीन सेकंदांनी रोप एकदम उडी घेई. रविवारच्या सुटीनंतरची उडी सर्वांत मोठी. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, ये रात को भी बढ़ता है क्या?" विकतच्या चित्रपटात ही उडी कुशल तंत्रज्ञाने सफाईने झाकली असती, आणि प्रश्नही तिच्याबरोबर झाकला गेला असता. उत्तर मी दिले नाही. दुसरी कुंडी आणली, आणि शाळेलगत राहणारी दोन मुले संध्याकाळी व भल्या सकाळी पट्टीने रोप मोजू लागली. त्यांची वही मी जपून ठेवली आहे.

भाषेच्या शिक्षकाला खरा आनंद निवेदनाने दिला. अर्ध्या मिनिटात साठेक शब्दच मावतात. 'अत्यंत सुंदर', 'मनमोहक' ही निबंधातली हुकमी विशेषणे मुलांनी आपण होऊन खोडली. माझी लाल शाई वर्षानुवर्षे जे करू शकली नाही ते घड्याळाने केले. चेहरे मात्र आम्ही चित्रात घेतले नाहीत. हात आणि कुंडी पुरे. पालकांच्या संमतीवाचून मुलांची छबी गावभर फिरू नये.

शाळेतले निवेदन अर्थातच हिंदीत झाले. वर्गातील एका मराठी घरच्या मुलाने तोच चित्रपट घरी नेऊन मराठीत बोलविला. तो म्हणाला, "अंकुर निकलला." आजी शेजारून म्हणाली, "अरे, कोंब फुटला म्हण." ध्वनिमुद्रणात आजीचा तो आवाज स्पष्ट ऐकू येतो, मुलाने तेवढा भाग काढू दिला नाही.