वजन तर उतरतंय, मग जिम कशाला?

‘मॅडम, टार्गेट किती?’ सांगलीत मी जिमची चौकशी करत फिरत होते, तेव्हा काउंटरवर पहिला प्रश्न हाच यायचा. उत्तर किलोत द्यायचं असतं. मी म्हणायचे, टार्गेट नाही. समोरचा मुलगा गोंधळायचा. त्याच्या फॉर्मवर ‘वजन कमी करणे’, ‘वजन वाढवणे’ आणि ‘बॉडी बिल्डिंग’ असे तीनच रकाने, आणि मी तिन्हींत बसत नव्हते. माझं वजन आपोआप उतरत होतं. पुण्यात स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी करून घेतली होती. या ऑपरेशनमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, उरतो तो केळ्याएवढा. एका वेळी जेमतेम अर्धी वाटी खाणारी बाई काही न करताही बारीक होत जाते.

गोंधळ त्या मुलाचा एकट्याचा नाही. जिमला जायचं ते वजन उतरवायला, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की माझ्या थोरल्या जाऊबाईंनीही विचारलं, ‘आता तर उतरतंय की गं, मग जिम कशाला?’ प्रश्न रास्त आहे. बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याच्या, ऑपरेशननंतर पहिली जिम निवडताना मी सगळ्यात आधी एवढं बघेन, की या प्रश्नाचं उत्तर तिथल्या ट्रेनरला येतं का.

उत्तर असं आहे. खाणं एकदम इतकं घटलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून वापरतं. उतरलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतोच. हाडंही विरळ होतात, आणि पन्नाशीला टेकलेल्या बाईची तशीही व्हायला लागलेलीच असतात. वजनकाट्याला यातलं काही कळत नाही. काटा खाली आला की घरचे खूश, डॉक्टर खूश. मला मात्र वेगळंच जाणवत होतं. एवढं वजन कमी होऊनही पूजेला जमिनीवर बसले की उठताना हाताला भिंत लागायची. अंगावरचं ओझं कमी झालं होतं, पण ते उचलणारे पायही बारीक झाले होते.

सकाळी आमराईत मी चालते, आणि चालणं सोडा असं मी कुणालाही सांगणार नाही. साखरेला चांगलं, रक्तदाबाला चांगलं, आणि चार माणसं भेटतात. पण मांड्या, पाठ, दंड राखायचे तर वजन उचलावं लागतं. आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याच्याच पुढे आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंसाठी व्यायाम करा, असंही सांगितलेलं आहे. ते कुणी वाचत नाही.

एका चकचकीत जिममध्ये मला एक दिवस फुकट ट्रायल मिळाली. कुठलं ऑपरेशन झालंय, कधी झालंय, गोळ्या कोणत्या चालू आहेत, सर्जननं परवानगी दिली का, यातलं एकही न विचारता ट्रेनरनं मला मॅटवर झोपवून क्रंचेस सांगितले. ‘पोट सुटलंय ना मॅडम, ते आधी आत घेऊ.’ ते पोट नव्हतं, लोंबणारी कातडी होती, आणि ती जगातल्या कुठल्याही क्रंचनं आत जात नाही. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनच्या जखमा बाहेरून लवकर भरतात, पण आतला पोटाचा पडदा मजबूत व्हायला वेळ लागतो. म्हणून साधारण पहिले सहा आठवडे जड उचलायचं नाही, पोटावर ताण द्यायचा नाही, नाहीतर हर्निया होऊ शकतो. नेमका काळ ज्याचा त्याचा सर्जन सांगतो. माझा तो काळ संपला होता, पण त्या मुलाला ते कुठं माहीत होतं!

पुढचे सल्ले त्याहून भारी. उपाशीपोटी या, फॅट जास्त जळतं. आता ज्याची मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन अजून चालू आहे, त्याची साखर उपाशीपोटी व्यायामात घसरू शकते. ऑपरेशननंतर रक्तदाब कमी होतो, त्यामुळे जुन्या मात्रेची गोळी जास्त ठरते आणि खाली वाकून उठलं की डोळ्यांसमोर अंधारी येते. व्यायाम झाल्यावर बाटलीभर पाणी एकदम संपवा, हा दुसरा सल्ला. आम्हाला पाणी घोट-घोट प्यावं लागतं, दिवसभर. दोन घोट घाईनं घेतले तरी छातीत कळ येते. तिसरा सल्ला मोठ्या डब्यातल्या पावडरीचा, तोही त्यांच्याच काउंटरवर विकायला ठेवलेल्या. प्रोटीन आम्हाला लागतंच, बहुतेक डॉक्टर दिवसाला 60 ते 80 ग्रॅम सांगतात, पण कुठलं आणि किती ते आहारतज्ज्ञाला विचारायचं. साखर घातलेला शेक गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजनासाठीचंच दुसरं ऑपरेशन, झालेल्या माणसानं घेतला तर पोटात मुरड, घाम, धडधड असं सगळं एकदम सुरू होऊ शकतं. आणि शेवटचा, सगळ्यात वाईट सल्ला: अंग दुखलं तर एखादी पेनकिलर घ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्यांनी जठरात अल्सर होऊ शकतो. बायपासवाल्यांना तर त्या कटाक्षानं टाळायला सांगतात.

ट्रेनर दुष्ट नव्हता, पोरसवदा होता, स्वभावानं चांगला. त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं. आपल्याकडे ट्रेनर म्हणून उभं राहायला कुठलाही परवाना लागत नाही. चांगले अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्रं आहेत, पण ती असलीच पाहिजेत अशी सक्ती नाही. निघताना त्यानं मनापासून विचारलं, ‘ऑपरेशन कशाला केलंत मॅडम? आधी माझ्याकडे आला असता तर सहा महिन्यांत उतरवलं असतं.’ वीस वर्षं डाएट, काढे, चालणं, उपास सगळं करून झालेल्या बाईला हे वाक्य नवं नसतं. भारतीय रुग्णांसाठी डॉक्टर हे ऑपरेशन साधारण 37.5 च्या पुढच्या बीएमआयला (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) सुचवतात. मधुमेहासारखे आजार सोबत असतील तर 32.5 पासून. तिथवर माणूस हौसेनं पोचत नाही. जो ट्रेनर आपल्या ऑपरेशनला आळस समजतो, तो पुढे आपल्या दमण्यालाही आळसच समजेल. तिथे पैसे भरू नयेत.

पैशांचं सांगते, कारण मी बँकेत कर्ज विभागात आहे आणि बारीक अक्षरं वाचायची सवय आहे. जिमचा फॉर्म ओट्यावर चष्मा लावून वाचला. ‘एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’ ‘इजा झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही.’ ‘सदस्याचे फोटो व व्हिडिओ प्रसिद्धीसाठी वापरण्याचा हक्क.’ महिन्याची फी अशी चढी की वर्षाची एकदम भरावीशी वाटावी. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात कधी पित्ताशयात खडे होतात, कधी रक्त कमी पडतं, कधी नुसतं अंगात त्राण नसतं. अशा माणसानं वर्षाचे पैसे एकरकमी भरणं हा तोट्याचा व्यवहार आहे. महिन्याचे भरा, थोडे जास्त गेले तरी चालतील. आणि पावती मागा. 22 सप्टेंबर 2025 पासून जिमवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आलाय. तुमची फी त्या प्रमाणात उतरली का, हे पावतीवरच दिसेल. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे.

फोटोच्या कलमाचं मला हसू आलं, मग राग आला. एका ठिकाणी मालकानं चक्क सवलत देऊ केली: आजचा फोटो, सहा महिन्यांनंतरचा फोटो, खाली जिमचं नाव. सहा महिन्यांत मी बारीक होणारच होते, त्याच्या जिमला गेले नसते तरीही. सर्जनच्या कात्रीचं श्रेय ट्रेडमिलला, आणि तो फोटो पाहून एखादी बिचारी वर्षाचे पैसे भरणार. मी नाही म्हटलं.

ऑपरेशन लपवावं का, हा प्रश्न बायकांना फार पडतो. नातेवाइकांना सांगायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. नितीन गडकरींनी 2011 मध्ये भाजपचे अध्यक्ष असताना बॅरिॲट्रिक ऑपरेशन करून घेतलं, पेपरात छापून आलं, त्यांचं काही अडलं नाही. आपलं अडतं, कारण आपल्याला सोसायटीच्या जिन्यात उत्तरं द्यावी लागतात. पण ट्रेनरपासून लपवू नका. आणि त्याला सांगितलेलं दुसऱ्या दिवशी पूर्ण बॅचला कळलं, तर जिम बदला.

मशीनचं फार कौतुक नको. चार गोष्टी तपासा: ट्रेडमिल किती किलोपर्यंतचं आहे, सर्वांत हलका डम्बेल एक किलोचा आहे का, बाक रुंद आणि पक्का आहे का, दम लागला तर बसायला साधी हाताची खुर्ची आहे का. लेडीज बॅच किती वाजता आहे? सांगलीत मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी ती दुपारची होती, म्हणजे नोकरी करणाऱ्या बाईनं येऊच नये अशा बेतानं.

हा हिंदकेसरी मारुती मानेंचा जिल्हा. इथे तालमीत नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी जोडीला लावत नाही, आधी त्याचा दम बघतो. ती रीत एअर कंडिशनरच्या हवेत कुठं गेली, देव जाणे.

मला शेवटी जी जागा मिळाली ती एका पतसंस्थेच्या वरचा हॉल आहे. एसी नाही, आरसा एकाच भिंतीला. चालवणारी बाई पूर्वी खो-खो खेळायची, नंतर रीतसर शिकली. तिनं टार्गेट विचारलं नाही. ‘ताई, डिस्चार्जचा कागद आणलाय का?’ म्हणाली. तो वाचला, न कळलेल्या दोन शब्दांखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि सर्जनच्या दवाखान्यात फोन लावायला सांगितला, माझ्यासमोर. मग मला खुर्चीवर बसवून हात छातीशी घ्यायला लावले आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते मोजून वहीत लिहिलं. माझं वजन तिनं आजवर घेतलेलं नाही. महिन्याच्या महिन्याला ती खुर्चीवरून उठण्याचा आकडा लिहिते, आणि तो वाढतोय. श्वास रोखून वजन उचलू नका, उचलताना सोडा, हे मात्र ती दर वेळी ओरडून सांगते.

अशी जागा प्रत्येकाला सापडेल असं नाही, आणि शोधायचा भार रुग्णावर टाकणं मला पटतही नाही. ऑपरेशनला काही लाख रुपये लागतात. विमा नियामकाच्या नियमांनुसार बीएमआय 40 च्या वर असेल, किंवा गंभीर आजारांसह 35 च्या वर असेल, तर पॉलिसीत ते बसू शकतं. एवढा खर्च करून हाती आलेल्या आमच्या डिस्चार्जच्या फाइलमध्ये बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांचं वेळापत्रक असतं, खाण्याचा आठवड्यागणिक तक्ता असतो. व्यायामाच्या रकान्यात लिहिलेलं असतं: ‘नियमित चालणे.’ दोन शब्द.

सर्जन मंडळींना माझी विनंती आहे. डिस्चार्जच्या फाइलमध्ये एक पान मराठीत वाढवा, ट्रेनरला उद्देशून. कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेपर्यंत जड उचलायचं नाही, पाणी कसं प्यायचं, कोणत्या गोळ्या चालत नाहीत, कशानं व्यायाम लगेच थांबवायचा आणि फोन कुणाला करायचा. खाली तुमची सही आणि शिक्का असू द्या. आमच्या शब्दाला जिमच्या काउंटरवर कुणी किंमत देत नाही, तुमच्या शिक्क्याला देतील.