पुन्हा शस्त्रक्रिया करण्याआधी

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला तपासून ‘फिटनेस’ देणे हे आम्हा फिजिशियनचे रोजचे काम. गेल्या पावसाळ्यात सव्वीस वर्षांची एक तरुणी त्यासाठी आली. पाच महिन्यांपूर्वी तिच्या जबड्याची आणि हनुवटीची शस्त्रक्रिया झाली होती. ‘‘हनुवटी अजून डावीकडे वाटते. लग्नाचं बघतायत, त्याआधी पुन्हा करून घ्यायचंय,’’ ती म्हणाली. सोबतच्या आईने हळूच विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, खरंच गरज आहे का हो?’’

तपासण्या नॉर्मल होत्या. पण फिटनेस म्हणजे शरीराला भूल झेपेल एवढेच. शस्त्रक्रियेची गरज आहे, असा त्याचा अर्थ नव्हे.

जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतरची बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते. उरलेली बारीक सूज जायला सहा महिने ते वर्ष लागू शकते. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातूनच जाते. तिथला बधिरपणा कमी व्हायलाही कित्येक महिने लागतात. म्हणून तक्रार फक्त दिसण्याची असेल, तर साधारण वर्षभर थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र पू, ताप, वाढते दुखणे, सैल झालेली प्लेट, दात नीट न जुळणे किंवा श्वासाचा त्रास असेल, तर लगेच सर्जनना गाठावे.

दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. आतले व्रण कडक झालेले असतात, नसेला इजा होण्याचा धोका वाढतो, कधी कमरेचे हाड काढून बसवावे लागते. निकालाची खात्रीही कमी असते.

म्हणून आधी काही प्रश्न विचारा. त्रास चावण्या-बोलण्याचा आहे की दिसण्याचा? तिरकेपणा सीटी स्कॅनवर मोजता येतो का, की तो फक्त सेल्फीत दिसतो? जवळून काढलेल्या फोटोत चेहऱ्याची ठेवण बदलते, आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला चेहरा कुणाचाच नसतो. दिवसाचे तासन् तास आरशासमोर जात असतील, लोकांत जाणे नकोसे झाले असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. अशा वेळी शस्त्रक्रियेने समाधान क्वचितच मिळते. आणि जे ही शस्त्रक्रिया करणार नाहीत, अशा दुसऱ्या सर्जनचे मत जरूर घ्या. सरकारी दंत महाविद्यालयात त्यासाठी फारसा खर्च येत नाही.

‘आत्ता नको’ असे सांगणे हेही आम्हा डॉक्टरांचे काम आहे. त्या दिवशी मी तिला तसे सांगितले. तरीही कागद हवा असेल तर देईन, म्हणालो. शेवटी निर्णय तिचा. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि सहा महिन्यांनी येते म्हणाली. फिटनेसचा कागद तेव्हाही मिळेल. ओठाची गेलेली संवेदना परत मिळेलच, असे मात्र नाही.