हौस नव्हे, पोट
परदेशी बाजार निवडायचा म्हटलं की नजर आधी श्रीमंत देशांकडे वळते. आकुर्डीच्या बजाज ऑटोची बॉक्सर मात्र रुजली नायजेरियात, युगांडात. तिथे मोटारसायकल म्हणजे हौस नव्हे, पोट. बस जात नाही तिथे ओकाडा, बोडाबोडा नावाच्या दुचाकी टॅक्सी जातात. चालकाला हवी लांब सीट, कमी पेट्रोल आणि नाक्यावरच्या मेकॅनिकला उलगडेल असं इंजिन. (वेगाचं कौतुक आपल्या जाहिरातींना!) पण गिऱ्हाईक अचूक ओळखलं, तरी तिथलं सरकार आणि चलन कुठं आपल्या हातात असतं? २०२० मध्ये नायजेरियातल्या लागोसने शहराच्या मोठ्या भागात ओकाडाबंदी केली. जून २०२३ मध्ये नायरा या तिथल्या चलनाचा दर मोकळा सोडताच तो कोसळला, आणि आयात गाडी महागली. हा अंक निर्यातीवर आहे; नकाशा जवळ ठेवूनच वाचा.