पहिल्या ओळीतली सासू

रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅप वाजलं. माझी एक जुनी विद्यार्थिनी. 'आपा, जाग्या आहात? एक ओळ दाखवायची होती.'

दहावीला मी तिला मराठी शिकवलं त्याला खूप वर्षं झाली. आता तिनं तिशी ओलांडली आहे. मालेगावात सासर, दोन मुलं, नवरा लूमच्या धंद्यात. ती मोबाइलवर एका कथा-अ‍ॅपवर टोपणनावानं लिहिते, एवढं मला माहीत होतं. काय लिहिते ते मी कधी विचारलं नव्हतं. ओळ आली तेव्हा कळलं. पावसात भिजलेली साडी तिच्या अंगाला चिकटली होती आणि त्याची नजर काही केल्या हलत नव्हती, अशी ती ओळ होती. खाली प्रश्न : 'पहिल्या ओळीत वाचक अडकला नाही तर तो बोटानं वर सरकवून पुढच्या कथेवर जातो. अडकतो का, आपा?'

मी तीन दिवस उत्तर दिलं नाही. कारण साधं होतं, भीती. मी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे, मुसलमान आहे, चाळिशी उलटलेली बाई आहे. माझ्या हातचा या विषयावरचा एक मेसेज स्क्रीनशॉट होऊन पालकांच्या ग्रुपवर गेला, तर पुढचं मला सांगायला नको. पण त्या तीन दिवसांत ओळ डोक्यातून जाईना. ती चावट होती म्हणून नव्हे, ती खोटी होती म्हणून. ही मुलगी आयुष्यात कधी साडी नेसलेली नाही. लग्नात घरारा, रोज सलवार-कुर्ता, बाहेर बुरखा. तिच्या नायिकेची भिजलेली साडी सिनेमातून आली होती, आणि ती पाहणारी नजरही सिनेमातल्या पुरुषाचीच.

चौथ्या दिवशी मी तिला फोन केला. आधी विचारलं, उर्दूत का नाही लिहीत? ती हसली. 'आपा, उर्दूत लिहिलं तर घरात सगळे वाचतील. मराठी कुणी वाचत नाही.' वीस वर्षं मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. नोकरीसाठी, तलाठ्याच्या परीक्षेसाठी, बँकेतला फॉर्म भरता यावा म्हणून मराठी शिका, असं सांगत आले. कुणी या भाषेचा असा पडदा करील हे मला सुचलंही नव्हतं.

आता मूळ प्रश्न. वाचक पहिल्या ओळीत कशानं अडकतो?

बीएडला असताना आम्हाला पाठ टाचणात प्रस्तावनेनंतर 'हेतुकथन' लिहावं लागे. 'आज आपण अमुक अमुक घटक शिकणार आहोत.' सूक्ष्म अध्यापनात निरीक्षक मागच्या बाकावर बसून हे वाक्य आलं की नाही ते बघायचे. ते वाक्य ऐकताक्षणी वर्गातल्या निम्म्या मुलींचे डोळे खिडकीकडे जायचे. कारण काय होणार ते कळलेलं असायचं. शृंगारकथांच्या बहुतेक पहिल्या ओळी ही अशीच हेतुकथनं असतात. भिजलेली साडी, सुटलेला पदर, ओले केस. आज आपण काय शिकणार आहोत ते फळ्यावर लिहून ठेवलेलं. वाचक अडकतो, पण क्षणभर. जाहिरातीच्या पाटीकडे मान वळावी तसा.

मग मी तिला 'गाथासप्तशती'तली एक गाथा सांगितली. हे पुस्तक हाल सातवाहनाच्या नावावर आहे, महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या आजीच्या भाषेत. त्यात एक बाई रात्रीच्या मुक्कामाला आलेल्या वाटसरूला उजेड आहे तोवरच घर दाखवते : सासू इथे झोपते, मी इथे. नीट बघून ठेव रे बाबा, तुला रात्री दिसत नाही, चुकून आमच्या अंथरुणावर पडू नकोस. एवढीच गाथा. आनंदवर्धनानं नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त तिचं उदाहरण दिलं आहे, की शब्द 'नको' म्हणतात आणि अर्थ 'ये' होतो. अलंकारशास्त्राच्या वर्गात ती अजून त्याचसाठी शिकवतात.

माझं लक्ष मात्र दुसरीकडे आहे. या गाथेचा पहिला शब्दच 'अत्ता' आहे, म्हणजे सासू. इतक्या जुन्या काळच्या त्या शृंगाराच्या ओळीत आधी देह येत नाही, सासू येते. आणि सासू आली की सगळं आलं. घर किती लहान आहे, कुणाचे कान जागे आहेत, या बाईनं किती वेळ विचार करून हे वाक्य जुळवलं असेल आणि ती किती धीट आहे. कुणी तिच्याकडे टक लावून बघत बसलेलं नाही. बोलते आहे ती.

फोनवर शांतता. मग ती म्हणाली, 'आपा, माझी सासू तर मधल्या खोलीत झोपते. दार नाही, पडदा आहे.' मी म्हटलं, मग हेच लिही की.

लावणीतही हेच सापडेल. अनेक लावण्या हाकेनं सुरू होतात, सख्या, साजणा, राया. बाई बोलू लागते आणि कुणाला तरी अडवते, जाऊ नको म्हणते, उशीर का झाला म्हणते. उत्तर पेशवाईतल्या मोठ्या शाहिरांपैकी सगनभाऊ हे जातीनं शिकलगार, मुसलमान. मराठी शृंगाराची भाषा घडवणाऱ्यांत आपला माणूस होता, हे आमच्या शाळेतल्या मुलांना कुणी सांगत नाही. मीसुद्धा सांगत नाही, कारण मग लावणी म्हणजे काय ते सांगावं लागेल.

इस्मत चुगताईंच्या 'लिहाफ'बद्दल फोनवर सगळ्यात जास्त वेळ बोललो. कथा १९४२ साली लाहोरच्या 'अदब-ए-लतीफ'मध्ये आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला हे सगळ्यांना माहीत असतं, सुरुवात कशी आहे ते फार थोड्यांच्या लक्षात असतं. सुरुवातीला ना बेगम जान आहे, ना तिचे नवाबसाहेब. थंडीचे दिवस आहेत, निवेदिकेनं स्वतःची रजई पांघरली आहे आणि भिंतीवर त्या रजईची सावली हलते आहे, हत्तीसारखी. बस. रजई सगळ्यांच्या घरात असते. इस्मतनं ती भिंतीवर हलवली आणि ऐंशी वर्षं झाली तरी ती हलतेच आहे. मी स्वतः ही कथा बीएडच्या वसतिगृहात, खरोखरच रजईत शिरून, टॉर्चच्या उजेडात वाचली. त्यानंतर कित्येक रात्री भिंतीकडे बघायचं टाळलं.

खटल्यासाठी इस्मत आणि मंटो दोघेही मुंबईहून लाहोरला गेले. मंटोवर 'बू' या कथेसाठी खटला होता. इस्मतनं आत्मकथनात सांगितलं आहे की 'लिहाफ'मध्ये अश्लील शब्द नेमका कोणता, हे साक्षीदाराला धड दाखवता येईना. शेवटी मुलींनी आशिक गोळा करण्याचा जो उल्लेख आहे, त्यावर बोट ठेवलं गेलं. त्यातही अश्लील शब्द कुठला, याचं उत्तर मिळेना. मला हा प्रसंग गमतीचा वाटत नाही. कोर्टाला जे सापडलं नाही तेच वाचकाला मिळालं होतं, आणि ते पहिल्या ओळीपासून भिंतीवर होतं. खटल्यातून दोघेही सुटले.

'बू'बद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती उर्दूच्या मंडळींना आवडत नाही. मंटोची सुरुवात म्हणून ती पहिल्या प्रतीची. पावसाचे दिवस, खिडकीबाहेर पिंपळाची पानं न्हात आहेत, आत सागवानी पलंग. पाऊस इथेही आहे, पण तो झाडावर पडतो, साडीवर नाही. हा फरक मी तिला मुद्दाम दाखवला. मात्र त्या पलंगावरच्या बाईला मंटो लगेच 'घाटन' म्हणतो. घाटन म्हणजे घाटावरची, म्हणजे मराठी कामकरी बाई. 'घाटी' हा शब्द मुंबईत कुणी कुणाला कसा उच्चारला आहे हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. ती दोरखंडाच्या कारखान्यात काम करते. चोळीची गाठ सुटत नाही, हे ती मराठीत सांगते. अख्ख्या कथेत तिला नाव नाही. रणधीरला आहे, त्याच्या बायकोचं शिक्षण आहे, तिचा बाप कोण तेही आहे. हिला फक्त गंध. मंटोला त्या गंधाबद्दल आदर होता, मान्य. पण मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे ती कथा वाचताना मी एकाच वेळी सांगणाऱ्याच्या बाजूला आणि त्या पलंगावर असते. पहिल्या ओळींत बाईला जे मिळालं नाही, ते पुढे सहसा मिळत नाही. तिची इच्छा काय, ती इथे का थांबली, तिला घरी जायला उशीर होतो आहे का, यांतलं काही सुरुवातीला आलं नाही तर ती पिंपळाच्या पानासारखी छान दिसत राहते, एवढंच.

'ठंडा गोश्त'ची सुरुवात याहून वरची आहे असं माझं मत. ईश्वरसिंग हॉटेलच्या खोलीत येतो, कुलवंत कौर पलंगावरून उठते, त्याच्याकडे बघते आणि दाराची कडी लावते. कडी ती लावते. दोन ओळींत बाई कोण आहे ते कळतं. आणि शृंगार म्हणून वाचायला बसलेला वाचक ज्या भयानक जागी जाऊन पोचतो, तिथून परतायचं दार तिनंच बंद केलेलं असतं. या कथेसाठी पाकिस्तानात खालच्या कोर्टानं मंटोला तीन महिने सक्तमजुरी आणि ३०० रुपये दंड ठोठावला होता, सत्र न्यायालयानं नंतर सोडलं.

कुणी म्हणेल, मॅडम, हे सगळं मोठ्या लोकांचं, बाजारातल्या कथेचं काय? बाजारातल्या कथेचंही सांगते. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' आली. तिच्यावर खटला भरला गेला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९ साली काकोडकर सुटले. न्यायाधीशांनी सुट्या ओळी मोजल्या नाहीत, अख्खी कथा वाचली. ती फार थोर कलाकृती आहे असं त्यांना वाटण्याची गरज पडली नाही.

आमच्याकडे हया हा शब्द फार वापरतात. मुलींना तर उठता-बसता. त्याचा अर्थ गप्प बसणं असा लावला जातो, आणि लेखिकेनं शृंगार लिहिला की हया गेली म्हणतात. मला उलटं वाटतं. हया म्हणजे सासू कुठे झोपते याचं भान. पडदा, कडी, रजई, हळू केलेला आवाज. ही अडचण काढून टाकली की उरते ती भिजलेली साडी, आणि ती कुणीही लिहू शकतो. जिच्या घरात दाराऐवजी पडदा आहे तिच्याकडे कथेची सुरुवात आयतीच असते, तिला ती सुरुवात वाटत नाही एवढंच.

आठवड्यानं तिची नवी ओळ आली. 'लाइट गेली आणि गल्लीतले सगळे लूम एकदम थांबले.'

मी ती दोनदा वाचली. मालेगावच्या गल्लीत रात्री राहिलं नसेल तर तुम्हाला कदाचित लगेच कळणार नाही. यंत्रमागांची खटखट रात्रभर चालते. पाहुण्याला झोप येत नाही. पण दोन खोल्यांत सात माणसं राहतात तिथे तोच आवाज नवरा-बायकोचं दार असतो. लाइट गेली की दार गेलं. गल्लीत अचानक इतकी शांतता होते की शेजारच्या घरातली कूस बदललेली ऐकू यावी. तिच्या कथेतली दोघं त्या शांततेत श्वास धरून पडून राहतात आणि मधल्या खोलीतून सासू विचारते, 'बहू, पंखा बंद पडला का?' बास, पहिलं पान संपलं. तोवर कुणी कुणाला हातही लावलेला नाही.

मी तिला लिहिलं की 'एकदम' काढून टाक, थांबले म्हणजे एकदमच थांबले. एरवी एका अक्षराला हात लावू नकोस.

तिनं ती अ‍ॅपवर टाकली. साडीच्या ओळीची एक जुनी कथा तिच्या खात्यावर होती, तिला नवीपेक्षा कितीतरी जास्त वाचक आहेत. तिनं मला दोन्ही आकडे पाठवले, रागानं नव्हे, हिशोब दाखवावा तसे. त्या आकड्यांतून तिला महिन्याकाठी थोडे पैसे मिळतात, मुलांच्या ट्यूशनचे निघतात. 'आपा, तुमच्या ओळीवर लोक थांबत नाहीत.' मी म्हटलं, माझी नाही, तुझी ओळ. ती म्हणाली, 'तेच ना.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. नव्या कथेखाली मात्र काही बायकांनी लिहिलं आहे की आमच्या गल्लीत पण असंच. साडीच्या कथेखाली एकाही बाईनं काही लिहिलेलं नाही, हे तिनंच मला सांगितलं.

आता ती दोन्ही प्रकार लिहिते. एक ट्यूशनसाठी, एक स्वतःसाठी. परवा विचारत होती, लूमच्या कथा पाच-सहा झाल्या की एकत्र करीन, सुरुवातीला 'माझ्या मराठीच्या आपांना' असं लिहू का, तुमच्या नावानं?

मी नको म्हटलं. शाळेचं कारण सांगितलं. ती 'बरं आपा' म्हणाली आणि मुलाला दूध द्यायचं आहे म्हणून फोन ठेवला.